लालपेठच्या महामूर्ती आणि त्यांचे घडवणारे : प्रस्तावना

चंद्रपूरच्या जुन्या परकोटाबाहेर, बाबूपेठ-लालपेठच्या वस्तीत, काही अवाढव्य दगडी मूर्ती सुमारे चारशे वर्षे जमिनीवर पडून आहेत. त्यांतली सर्वांत मोठी दशमुखी दुर्गेची. लांबी सुमारे २५ फूट, रुंदी सुमारे १८ फूट. आजूबाजूला शिवलिंग आहे, नंदी आहे, गणपती आहे, भैरव आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने हे स्मारक संरक्षित केलेले आहे. शहरात त्याला ‘अपूर्ण देवालय’ म्हणतात. दुर्गेची दहा तोंडे पाहून कित्येक जण तिला रावण समजतात आणि पुढच्यालाही तसेच सांगतात.

या मूर्तींविषयी एक हकीकत परंपरेने चालत आली आहे. गोंड राजा धुंड्या रामशहाच्या काळात, म्हणजे १५९७ ते १६२२ या वर्षांत, चांद्यात, म्हणजे जुन्या चंद्रपुरात, रायप्पा नावाचा एक धनाढ्य कोमटी होता. त्याला शंकराचे भव्य देऊळ बांधायचे होते. देवळासाठी त्याने मूर्ती घडवून घेतल्या. देऊळ उभे राहण्याआधीच तो वारला, काम थांबले आणि मूर्ती जिथल्या तिथे राहिल्या. हकीकत एवढीच. तिच्यात राजाचे नाव आहे, सावकाराचे नाव आहे. ज्यांनी छिन्नी-हातोडी चालवली त्यांचे नाव नाही.

हे पुस्तक त्या माणसांविषयी आहे. त्यांची नावे आता हाती लागणार नाहीत, पण त्यांचे काम हाताला लागते, अगदी शब्दशः. मूर्ती जमिनीवर असल्यामुळे देवीच्या चेहऱ्यापर्यंत सहज पोहोचता येते. उंच शिखरावरच्या शिल्पाच्या बाबतीत असा योग क्वचितच येतो. माझे म्हणणे थोडक्यात असे : लालपेठच्या मूर्तींकडे आपण आजवर एका श्रीमंताचा अर्धवट राहिलेला बेत म्हणून पाहत आलो. त्या कसलेल्या कारागिरांचे मोठे काम म्हणून पाहिल्या पाहिजेत, आणि महाराष्ट्राच्या कलेतिहासात त्यांना त्यांची जागा मिळाली पाहिजे.

आधी काळ समजून घेऊ. चंद्रपूरचे जुने नाव चांदा. १९६४ मध्ये ते बदलले. आजचा गडचिरोली जिल्हा १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. इरई आणि झरपट या नद्यांच्या काठी गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने हे शहर वसवले असे परंपरा सांगते. त्याच्या अंगावरचा असाध्य रोग झरपटच्या पाण्याने बरा झाला, तिथे अंचलेश्वराचे देऊळ झाले. सशाने कुत्र्याचा पाठलाग केला आणि ज्या वाटेने ती दोन जनावरे धावली त्या वाटेवर परकोट आखला, ही गोष्ट चंद्रपूरच्या शाळकरी मुलालाही पाठ असते. या परकोटाला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आहेत. दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंड राजांचे चिन्ह.

परकोट एका राजाच्या हयातीत झालेला नाही. पिढ्यानपिढ्या काम चालले आणि धुंड्या रामशहाच्या वेळी ते पूर्णत्वाला गेले असे सांगतात. हा तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. मैलोगणती लांबीची दगडी भिंत बांधायची म्हणजे खाणीतून दगड फोडणारे, तो घडवणारे, वाहून आणणारे आणि चढवणारे लोक शहरात वर्षानुवर्षे राबत असणार. भिंत संपत आली त्याच सुमारास एक सावकार मोठ्या मूर्तींचे काम काढतो. माणसे होती, हत्यारे होती, जड दगड हलवण्याची सवय होती. रायप्पाची इच्छा आभाळातून पडलेली नव्हती. ती शहराच्या अंगात असलेल्या ताकदीवर उभी होती.

पैसाही होता. अकबराच्या दरबारी लिहिल्या गेलेल्या ‘आइन-ए-अकबरी’त धुंड्या रामशहाच्या आधीच्या राजाचा, बाबजी बल्लाळशहाचा, उल्लेख आहे. त्याच्याकडे एक हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचे त्यात म्हटले आहे. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचाही उल्लेख आहे. ते वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यात आहे. जंगलातला लाकूडफाटा, लाख, मध, लोखंड, हिरे आणि दक्षिणेकडे तेलंगणाशी चालणारा व्यापार यांवर हे राज्य पोसले गेले. रायप्पा कोमटी, म्हणजे तेलुगू मुलुखातल्या व्यापारी जातीतला. चांद्याच्या बाजारात मराठी, गोंडी आणि तेलुगू या तिन्ही बोली चालत होत्या आणि आजही चालतात. या मूर्ती त्या मिश्र नगराची निर्मिती आहेत.

आता नाव का राहिले नाही, या प्रश्नाकडे वळतो.

आपल्याकडे जुने दगडी देऊळ दिसले की ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे व्हायचे, नाहीतर पांडवांनी एका रात्रीत बांधले म्हणायचे, ही रीत पडून गेली आहे. दोन्ही उत्तरांनी घडवणारा माणूस पुसला जातो. एकात श्रेय यादवांच्या मंत्र्याला जाते, दुसऱ्यात दैवी पुरुषांना. चांद्याच्या परकोटाची आखणी तेल ठाकूर यांनी केली असे परंपरा सांगते. म्हणजे आखणी करणाऱ्याचे नाव कधीमधी टिकते. घडवणाऱ्याचे मात्र टिकत नाही.

पण सर्वत्र असे नाही. सिरोंच्याहून गोदावरी ओलांडून तेलंगणात गेले की पालमपेटला काकतीय काळातले एक देऊळ आहे. रेचर्ला रुद्र या सेनापतीने ते १२१३ मध्ये बांधवले. देऊळ रुद्रेश्वराचे, पण लोक त्याला रामप्पा मंदिर म्हणतात, आणि रामप्पा हे त्याच्या मुख्य शिल्पकाराचे नाव होते असे मानतात. २०२१ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीत घेतले. देव बाजूला, सेनापती बाजूला, आणि देवळाला ओळख शिल्पकाराची. नदीच्या एका तीरावर लोकस्मृतीने शिल्पकार जपला, दुसऱ्या तीरावर सावकार जपला. म्हणजे ‘आपल्याकडे कलावंत नाव सांगतच नसत’ हे सरसकट विधान खरे नाही. कोणाचे नाव ठेवायचे हे समाज ठरवतो.

याच काळात युरोपात काय चालले होते ते पाहिले की फरक आणखी स्पष्ट होतो. लालपेठला दगड घडत होते त्या वर्षांत इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात बर्नार्दिनो पोच्चेत्ती नावाचा चित्रकार भिंती रंगवत होता. त्याचा जन्म १५४८ चा, मृत्यू १६१२ चा. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग भरण्याची जी पद्धत आहे, जिला तिकडे फ्रेस्को म्हणतात, तिच्यात तो तरबेज होता. घरांच्या दर्शनी भिंती त्याने इतक्या रंगवल्या की गावाने त्याला त्यावरून टोपणनावच दिले. सान मार्को मठाच्या ओवऱ्यांत त्याची चित्रे आहेत. इनोचेंती नावाच्या अनाथालयात त्याने १६१० मध्ये रंगवलेले बालहत्येचे मोठे भित्तिचित्र आहे. मायकेलअँजेलो आणि राफाएल यांच्यापुढे त्याची गणती होत नाही. इटलीबाहेर त्याचे नाव अभ्यासकांखेरीज फारसे कोणी घेत नाही. तरीही तो कोणाचा कोण, कुठे काय रंगवले, हे सारे कळते. वासारीने १५५० मध्ये इटलीतल्या कलावंतांची चरित्रे छापली तेव्हापासून तिकडे कारागिराचे आयुष्य लिहून ठेवण्याची परंपरा सुरू झाली, आणि मठांनी आपले करारमदार नि जमाखर्च जपले. पोच्चेत्तीसारखा दुसऱ्या फळीतला चित्रकारही त्यामुळे माणूस म्हणून शिल्लक राहिला.

पण कागद नसते तरी पोच्चेत्तीविषयी काही गोष्टी कळल्याच असत्या, आणि तिथेच लालपेठच्या अभ्यासकाने कान टवकारावेत. भित्तिचित्रात गिलावा ओला असेतोवरच रंग मुरतो. म्हणून चित्रकार एका दिवसात पुरे होईल तेवढाच गिलावा सकाळी लावून घेतो. दुसऱ्या दिवसाचा गिलावा पहिल्याला भिडतो तिथे केसाएवढा सांधा राहतो. समोरून तो दिसत नाही. दिवा भिंतीलगत धरून तिरपा उजेड पाडला की उमटतो. सांधे मोजले की आकाशाचा मोठा पट्टा एका दिवसात उरकला आणि एका चेहऱ्यासाठी अख्खा दिवस घातला, हे समजते. कुठे चित्रकार घाईत होता, कुठे रेंगाळला, कुठे शागिर्दाच्या हाती काम सोपवले, हे भिंतच सांगते.

दगडही असाच बोलतो, फक्त त्याची लिपी टाकीच्या घावांची आहे. मोठा दगड आधी पाचरी ठोकून फोडतात. मग जाड टाकीने नको तो भाग उडवतात. या घावांच्या खुणा खोल आणि विरळ असतात. आकार आला की बारीक टाकी येते, घाव जवळजवळ पडतात. शेवटी दगडाने दगड घासून अंग गुळगुळीत करतात. मूर्तीचा कोणता भाग कोणत्या टप्प्यावर थांबला आहे हे पाहत गेले की कामाचा क्रम लक्षात येतो. सकाळी सात-साडेसातला किंवा सूर्य कलल्यावर लालपेठला जावे. भर दुपारच्या उन्हात दगड सपाट दिसतो. उजेड तिरपा झाला की घासलेले अंग आणि टाकीचे अंग वेगवेगळे दिसू लागते. सारख्या ताकदीने, सारख्या कोनात पडलेले घाव एका हाताचे. लय बदलली की दुसरा हात आला असे समजावे. एकाच्याने हे काम झालेले नाही, ही एका तांड्याची कामगिरी आहे, हे असे उभे राहून पाहिल्यावर पटते.

दुर्गेच्या मूर्तीपाशी थोडे थांबू, कारण हे काम किती अवघड होते ते तिच्यावरून सर्वांत चांगले कळते. दहा मुखांची देवी हे रूप कुणा शिल्पकाराच्या लहरीतून आलेले नाही. सप्तशतीच्या पहिल्या चरित्राच्या आरंभी महाकालीचे जे ध्यान म्हणतात त्यात ती दहा मुखांची, दहा हातांची आणि दहा पायांची आहे. महाकाली हे चंद्रपूरचे दैवत. चैत्रातल्या तिच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि तेलंगणातून लोक येतात. तेव्हा दशमुखी देवी या गावाला परकी नाही. तिला रावण म्हणणाऱ्याने तिच्या हातांतली आयुधे एकदा नीट पाहावीत.

शिल्पकारापुढचा पेच मापांचा होता. शिल्पशास्त्रात मूर्तीचे माप ताल या एककाने धरतात. मुखाची लांबी म्हणजे एक ताल, आणि देवीच्या उभ्या मूर्तीला सामान्यतः नऊ ताल. या हिशेबाने २५ फूट उंचीच्या मूर्तीचे मुख जवळजवळ पावणेतीन फुटांचे व्हायला हवे. तेवढ्याच रुंदीची दहा मुखे शेजारी शेजारी मांडली तर २७ फुटांहून अधिक जागा लागते, आणि शिळेची रुंदी आहे १८ फूट. ग्रंथातले माप जसेच्या तसे उचलले असते तर मूर्ती झालीच नसती. कुठे मुख लहान करायचे, कुठे एक मुख दुसऱ्याआड सरकवायचे, हातांना जागा कुठून काढायची, हे सारे शिळेसमोर उभे राहून ठरवावे लागले. जो हे ठरवतो तो नुसता सांगकाम्या नव्हे. त्याला शास्त्र ठाऊक आहे आणि शास्त्राला मुरड कुठे घालायची हेही ठाऊक आहे. कलावंत म्हणतात तो यालाच.

या मूर्ती बेढब आहेत असा शेरा काही वेळा ऐकू येतो. त्यावर एवढेच सांगतो की मूर्ती उभी राहिल्यावर, खालून वर, दुरून पाहण्यासाठी घडवलेली आहे. आपण तिच्या कडेकडेने चालत, कमरेत वाकून, कधी पायांकडून कधी डोक्याकडून पाहतो. अशा नजरेला कोणतीही महामूर्ती विचित्रच वाटेल. मायकेलअँजेलोचा प्रसिद्ध डेव्हिड १७ फुटांचा आहे आणि तो पूर्ण गोल, चहूबाजूंनी कोरलेला आहे. लालपेठची दुर्गा शिळेच्या अंगावर कोरलेली आहे. दोघांची तुलना कौशल्यासाठी करत नाही. पण तो डेव्हिड आडवा ठेवून त्याच्या शेजारून फिरायला सांगितले, तर त्याचे कौतुक करणाऱ्यांचीही पंचाईत होईल. लालपेठच्या मूर्तीचा न्याय करताना ती मनात तरी उभी करून पाहावी.

ती प्रत्यक्ष उभी कशी केली असती? एक घनफूट वालुकाश्माचे वजन ढोबळमानाने ६५ किलो धरले आणि २५ बाय १८ फुटांच्या शिळेची जाडी नुसती एक फूट मानली, तरी वजन २९ टनांच्या घरात जाते. असा दगड उचलायची जुनी रीत अशी : पायाकडच्या बाजूला खड्डा खणायचा, डोक्याकडची बाजू पहारींनी आणि ओंडक्यांनी थोडी उचलायची, खाली माती-मुरूम भरायचा, पुन्हा उचलायची, पुन्हा भरायचे. उतार चढत जातो आणि शेवटी दगड खड्ड्यात पाय रोवून उभा राहतो. यंत्र लागत नाही. माणसे लागतात, दोर लागतात, मजबूत लाकूड लागते आणि वेळ लागतो. लाकडाची चांद्याला ददात नव्हती. आलापल्लीच्या सागाची ख्याती आजही आहे, आणि ते ओंडके ओढण्यासाठी पाळलेल्या हत्तींची छावणी कमलापूरला आहे. रायप्पा जगता तर मूर्ती उभ्या राहिल्या असत्या, असे मानायला जागा आहे.

मोठा दगड हलवण्याची ही विद्या या मुलुखात रायप्पाच्या काळात जन्मली नाही. चिमूर तालुक्यातल्या हिरापूरला बृहदाश्मयुगातली शिलाप्रकोष्ठे आहेत, म्हणजे प्रचंड चिपांच्या भिंती आणि त्यांवर तसल्याच चिपेचे छत. भद्रावतीला विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी कोरलेली आहेत. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात, जिथे वैनगंगा वळून उत्तरवाहिनी होते, तिथे मार्कंड्याचा मंदिरसमूह आहे. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात तिथे आला आणि त्याला खजुराहोची आठवण झाली. मार्कंड्याला ‘विदर्भाचे खजुराहो’ असेही म्हणतात. तिथल्या मुख्य देवळाच्या बाह्यांगावर देव, अप्सरा, हंस आणि हत्ती यांच्या पट्ट्या एकावर एक चढत जातात, आणि त्यांतला एकही हात निष्काळजीपणे कोरलेला नाही. पुढे वीज पडून त्या देवळाची मोडतोड झाली आणि गोंड राजवटीत ते सावरले गेले. म्हणजे गोंडकाळातल्या पाथरवटांनी मार्कंड्याचे काम हाताने चाचपलेले होते.

आणि ही परंपरा संपलेली नाही. भामरागड, एटापल्लीच्या बाजूला माडिया लोक आपल्या मृतांच्या स्मरणार्थ आजही दगड उभे करतात. दगडावर नाव नसते, आकृती नसते. गावातल्या जाणत्याला विचारा, हा दगड कोणाचा, तो कोणत्या घरातला, ते तो सांगतो. दगड बोलत नाही तिथे गाव बोलते. लालपेठच्या पाथरवटांचे दुर्दैव असे की त्यांच्या बाजूने बोलणारे गाव राहिले नाही. १७५१ मध्ये गोंड राज्य नागपूरच्या भोसल्यांकडे गेले, पुढे १८५४ मध्ये इंग्रजांकडे. काम देणारा दरबार गेला, कारागिरांना काम उरले नाही, त्यांची मुले दुसऱ्या धंद्याला लागली आणि स्मृती तुटली.

अपूर्णतेविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण स्मारकाच्या नावातच ती आहे. ‘अपूर्ण’ म्हटले की कमी प्रतीचे, सोडून दिलेले असा अर्थ मनात येतो. मायकेलअँजेलोने पोप दुसरा ज्युलियस याच्या समाधीसाठी काही बंदिवानांच्या मूर्ती सुरू केल्या. पोप १५१३ मध्येच वारला होता; समाधीचा बेत आक्रसत गेला आणि मूर्ती अर्ध्या दगडात अडकलेल्या राहिल्या. बरीच वर्षे त्या एका राजबागेतल्या कृत्रिम गुहेत होत्या. आज फ्लॉरेन्सच्या अकादमीत त्यांच्यासाठी खास दालन आहे, आणि दगडातून माणूस कसा बाहेर येतो हे पाहायला जगभरचे लोक तिथे रांगा लावतात. काम देणारा मेला, मूर्ती अर्ध्यावर राहिल्या, ही गोष्ट लालपेठची आणि त्या बंदिवानांची एकच आहे. फरक पुढच्या पिढ्यांनी केला. त्यांनी अपूर्ण कामाला शिक्षणाचे साधन मानले. आपण त्याला कुंपण घातले आणि विसरलो.

कुंपण गरजेचे आहेच. पण त्याने सगळे भागत नाही. या मूर्ती उघड्यावर आहेत. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, त्यावर पावसाळ्याचा मारा. तापलेल्या दगडावर पहिला पाऊस पडतो तेव्हा त्याचे अंग आतून ताणले जाते. आडव्या मूर्तीच्या खोलगट भागांत पाणी साचते, शेवाळ धरते. लालपेठच्याच परिसरात कोळशाच्या खाणी आहेत आणि शहरालगत महाऔष्णिक केंद्र आहे. कोळशाच्या धुरातले गंधकयुक्त वायू पाण्यात मिसळले की त्यांचे आम्ल होते आणि दगडाचा पृष्ठभाग हळूहळू भुसभुशीत होतो. ज्या टाकीच्या घावांना मी वर शिल्पकाराची लिपी म्हटले, ती सर्वांत आधी याच पृष्ठभागावरून पुसली जाते. मूर्ती हजार वर्षे टिकेल. तिच्यावरचे हात तेवढे टिकणार नाहीत. म्हणून नोंद करण्याचे काम आजचे आहे.

ते अशक्य नाही हे चंद्रपूरनेच दाखवून दिले आहे. २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी परकोटावरची झाडेझुडपे तोडून, कचरा उपसून किल्ला मोकळा केला. त्या श्रमदानाची दखल देशपातळीवर घेतली गेली. भिंतीसाठी जे झाले ते मूर्तींसाठीही होऊ शकते, आणि मूर्तींसाठी फावडे लागत नाही. मोजपट्टी, कॅमेरा, वही आणि तिरपा उजेड एवढे पुरते.

या पुस्तकाच्या मांडणीविषयी आता थोडे. पहिल्या भागात चांद्याच्या गोंड राजवटीचा इतिहास आहे, तोही बांधकामाच्या अंगाने : परकोट, बल्लारपूरचा किल्ला, राणी हिराईने पती बीरशहासाठी उभारलेली समाधी. दुसऱ्या भागात लालपेठची एकेक मूर्ती स्वतंत्र घेतली आहे. तिचे वर्णन, आयुधे आणि हत्यारांच्या खुणा दिल्या आहेत. तिसऱ्या भागात मार्कंडा, भद्रावती आणि तेलंगणातली काकतीय शिल्पे यांच्याशी या मूर्तींची तुलना आहे. ज्यांना इतिहास माहीत आहे त्यांनी दुसऱ्या भागापासून वाचायला हरकत नाही. शिक्षकांनी तो भाग सोबत घेऊन मुलांना थेट लालपेठला न्यावे. पुस्तकात वाचून मूर्ती कळत नाही, मूर्तीपुढे उभे राहून पुस्तक कळते.

ताडोब्याला वाघ पाहायला दरवर्षी हजारो लोक चंद्रपुरावरून जातात. त्यांतल्या काहींनी तासभर वाट वाकडी केली तरी या मूर्तींचे भाग्य उजळेल. मूर्तीवर पाय देऊ नये, तेल-शेंदूर लावू नये, नाव कोरू नये, हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण सांगतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माझी विशेष विनंती आहे. प्रबंधासाठी दूरचे विषय शोधत फिरू नका. तुमच्या गावात चारशे वर्षांपूर्वीच्या कलावंतांचा एक अख्खा कारखाना उघड्यावर आहे, आणि त्याचा कसून अभ्यास अजून व्हायचा आहे. जुन्या घरांतल्या बखरी, दानपत्रे, देवळांच्या वह्या तपासा. तेलुगू येत असेल तर फारच उत्तम, कारण रायप्पाच्या बाजूची माहिती मिळालीच तर बहुधा त्या भाषेत मिळेल.

आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, नगरातल्या कारभाऱ्यांकडे एक मागणी. लालपेठच्या माहितीफलकावर राजा आणि रायप्पा यांची नावे अवश्य असावीत. खर्च करणाऱ्याचा मान त्याला मिळाला पाहिजे. त्यांच्याखाली आणखी एक ओळ घालावी : ‘या मूर्ती चांद्यात काम करणाऱ्या पाथरवटांनी घडवल्या. त्यांची नावे नोंदली गेली नाहीत.’ चारशे वर्षे राहून गेलेली ही एक ओळ लिहायला फार खर्च येत नाही. ती लिहिली जावी.